वुडवर्डवरची साधी कॅप

दोष झिग्मंटचा. त्याच्या पिकल्या केसांकडे बघून गल्लीने त्याला माफ केलं. मी केलं नाही. मी पत्र्याची व्हीलकॅप, गाडीच्या चाकावरचं झाकण. वयाचा मान राखायला मला कुणी शिकवलेलं नाही.

मी बोलतेय ती लेनर्डच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावरून. गाडी मागवताना चाकंही निवडता यायची. पाच आऱ्यांची चकचकीत हवीत तर जादा पैसे. काहीच मागितलं नाही तर काळं लोखंडी चाक आणि मधोमध मी, ताटलीएवढी. मला इथे ‘कुत्र्याची थाळी’ म्हणतात. म्हणोत.

झिग्मंटच्या या पोराने सगळी कमाई इंजिनात घातली आणि मला मुद्दाम ठेवलं. शनिवारी संध्याकाळी वुडवर्ड रस्त्यावर शर्यती चालायच्या; सिग्नलला पोरं शेजारी गाडी लावायची आणि मला बघून दात काढायची.

“काय रे, आजीची गाडी आणलीस?”

“हो ना, तिला चर्चला सोडायचंय. जरा बाजूला हो.”

दिवा हिरवा झाला की आजीची गाडी पुढे आणि दात काढणारे धुरात. त्या शनिवारांसाठी मी लेनर्डची जन्मभराची ऋणी आहे.

झिग्मंटला मात्र माझी लाज वाटायची. शेजाऱ्याचं चाक जास्त चमकलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. लेनर्डच्या वाढदिवसाला, पोरगा झोपलेला असताना, त्याने बाजारातून आणलेली अॅल्युमिनियमची चाकं चढवली. नट जुनेच.

“दुकानदार म्हणाला होता ना, या चाकांना वेगळे नट लागतात?” व्हांडाने, झिग्मंटच्या बायकोने, विचारलं.

“वीस वर्षं कारखान्यात चाकांचे नटच आवळतोय मी. नट तो नट. तो दुकानदार मला शिकवणार?”

जुन्या नटांचं तोंड नव्या भोकात बसतच नव्हतं. ते त्याच्या हातांना कळलं असणार. हात बोलले, माणसाने ऐकलं नाही.

चार चाकांवरच्या आम्हा चौघी कॅपांना त्याने भंगारात टाकायला सांगितलं. व्हांडाने आम्हाला लोखंडी चाकांसकट तळघरात, बटाट्यांच्या पोत्यामागे दडवलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

आठवड्याच्या आत चाक निखळलं. आपलंच चाक आपल्याला मागे टाकून पुढे पळताना लेनर्डने पाहिलं. गाडी खांबावर गेली, कपाळाला टाके पडले. दुसऱ्या दिवशी तो आम्हाला न्यायला तळघरात उतरला, मागोमाग बाप.

“बाबा, नट चुकीचे होते, एवढंच म्हणा. मी विसरून जाईन.”

“चाकंच खोटी निघाली. दुकानदार चोर आहे.”

“बाबा, मी मेलो असतो.”

“तू हाकतोसच तसा. आता बापाला वाकवायला निघालास?”

व्हांडा जिन्यावरून म्हणाली, “म्हणून टाका हो एकदा. ताटातल्या पिएरोगी गार होतायत.”

“मला भूक नाही,” म्हणत झिग्मंट वर गेला.

लेनर्डने गाडी सरळ करून घेतली, आम्हाला चढवलं आणि दुसऱ्या शहरात, टोलेडोला, कायमचा निघून गेला.

तिथे मी सुखात जगले. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ खाल्लं, पण तो दर रविवारी मला कोमट पाण्याने धुवायचा. एकदा दगडाने पोचा पडला, तर त्याने टॉवेल लावून अंगठ्याने तो हळूहळू काढला. त्याची मुलगी माझ्यात बघून वेडीवाकडी तोंडं करायची. आता जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत लोक गुडघे टेकून मला न्याहाळतात. खऱ्या साध्या कॅपा फारशा उरल्या नाहीत म्हणे. तुमच्याकडे एखादी असेल तर फेकू नका. आणि पोरांच्या वस्तूंना न विचारता हात लावू नका, वय कितीही असो.

व्हांडा बसने टोलेडोला यायची, डबा घेऊन, एकटी. ‘नट चुकीचे होते’ हे वाक्य झिग्मंटने मरेपर्यंत म्हटलं नाही. त्याचा एकुलता एक मुलगा परत त्या घरात आला नाही.