पाटलाच्या हाती झोळीची दोरी

पोळा होऊन आठ दिवस झाले होते. महादेवराव पाटलांच्या कपाशीत निंदण चाललं होतं आणि पाटील स्वतः धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, छत्री उघडून उभे होते. ऊन काही एवढं नव्हतं, पण छत्री नवीन होती.

"पंचफुले! अवं, साऱ्या बाया पुढं गेल्या, तुही पात मांगं राह्यली. निंबाखाली कायची बसली तू?"

"लेकराले पाजून राह्यली, मालक."

"सकाळी पाजलं होतं न?"

"सकाळी तुमीबी जेवले होते, मालक. दुपारी पुन्हा जेवूनच आले न?"

बायांनी तोंडाला पदर लावले. गोजरबाईला तर हसू आवरेना, ती खाली वाकून नसलेलं गवत उपटू लागली. पाटलांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"उद्यापासून पोट्टी घरी ठेवून ये. नाई तर येऊच नको."

"घरी कोन हाये माह्या? सासू मेली. नवरा तुमच्याच घरी सालदार हाये."

"मंग अफूचा मोहरीएवढा कन चाटवत जाय. दिवसभर निजते लेकरू. लोकं करत नाई का?"

हे बोलणारे महादेवराव म्हणजे कोण, ते सांगितलंच पाहिजे. नवं राज्य झालं, जिल्ह्याला नव्या समित्या आल्या, त्यात पाटील पंचायत समितीवर निवडून आले आणि तेव्हापासून भाषण करू लागले. त्याच आठवड्यात शाळेत महिला मंडळाचं उद्घाटन झालं होतं. 'माता ही राष्ट्राचा पाया आहे, भगिनींनो,' असं म्हणून पाटील जे सुरू झाले ते तासभर थांबले नाहीत. समोर भगिनी बसल्या होत्या त्या साऱ्या पाटलांच्याच घरच्या आणि भावकीतल्या. बाकीच्या माता पाटलांच्या वावरात निंदत होत्या.

पंचफुलेनं विळा कमरेला खोवला, चार महिन्यांची गोदा उचलली आणि ती घरी निघून आली. संध्याकाळी पुंजाजी आला. हा तिचा नवरा. माणूस कष्टाळू, बैलांशी दिवसभर बोलायचा. पण मालकासमोर त्याच्या तोंडाला कुलूप.

"तू बोलली काऊन वं मालकाले?"

"तुमी बोलले नाई म्हून."

पुंजाजीनं भाकरीत तोंड घातलं.

पण पोट काही रागावर भरत नाही. दहा दिवसांनी तिनं गोदाला शेजारच्या बनाबाईपाशी ठेवलं आणि दुसऱ्याच्या वावरात उडीद उपटायला गेली. बनाबाई म्हातारी, मनाची वाईट नव्हे. दिवेलागणीला पंचफुला धावतच आली. अंगातलं दूध चोळीला लागलं होतं. पाहते तर गोदा निजलेली. हलवलं, उठेना. तोंडावर पाणी मारलं, तरी उठेना.

"मावशी, काय चारलं माह्या लेकराले?"

"लय रडून राह्यली होती वं. पाटील म्हनत होते न, मोहरीएवढा कन…"

पंचफुलेनं गोदाला मांडीवर ओढलं. तिनं पोरीचे तळवे घासले, टाचेवर टिचक्या मारल्या, नाव घेऊन घेऊन हाका मारल्या. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग गोदानं एकदा वेडंवाकडं तोंड केलं आणि अशी रडायला लागली, की सारी आळी गोळा झाली. एवढं गोड रडणं पंचफुलेनं जन्मात ऐकलं नव्हतं. ती पोरीला छातीशी धरून स्वतःच रडली. आणि त्या दिवशी तिनं ठरवलं, की जिथं लेकरू नाही तिथं आपण नाही. उपास पडला तर पडू दे.

उपास पडलेही. दोन वेळची चूल एकदाच पेटू लागली. तरी बाई हलली नाही.

दसरा गेला आणि हरभऱ्याची पेरणी आली. आता पेरणीतलं सांगतो. तिफन हाकायला कोणीही सापडतं. खरं कसब चाड्यावर. तिफनीवरच्या त्या लाकडी वाटीत मुठीतून बी सोडत चालायचं. ना कमी, ना जास्त, ना थांबायचं. आणि ही मूठ त्या गावात पंचफुलेची होती. तिनं पेरलेलं वावर उगवलं की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून पाहायचा.

पाटलांनी यंदा चाड्यावर गोजरबाईला लावलं. गोजरबाई बोलायला खमकी, पण मुठीत तिच्या धीर नाही. सात दिवसांनी मळ्याकडचं वावर उगवलं आणि पाटील पाहायला गेले. एका जागी हरभऱ्याचे झुबके, तर पुढं चार हात टक्कल.

"हे काय पेरलं का उधळलं वं?" पाटील ओरडले.

"तुमीच घाई करून राह्यले होते," गोजरबाई म्हणाली आणि दुसऱ्याच्या कापूस वेचणीला निघून गेली.

नदीकाठचं मोठं वावर अजून राहिलं होतं. काळी जमीन, वरून ऊन, ओल रोज बोटभर खाली चाललेली. दोन दिवसांत पेरणी झाली तर झाली, नाही तर वावर पडीक. रात्रीच्या जेवणाला पाटील ओलीचंच बोलत होते. त्यांची बायको सरस्वतीबाई वाढता वाढता एवढंच म्हणाली, "पंचफुलेच्या दारी जा. तुमीच काढलं, तुमीच बोलवा."

सकाळी पाटील पंचफुलेच्या दारात उभे. ती गोदाच्या झोळीची दोरी ओढत बसली होती. तिनं बसा म्हटलं नाही, उठलीही नाही.

"पंचफुला, झालं गेलं सोड. चाड्यावर चाल."

"पोट्टी संग येईन."

"आन."

"भूक लागली का तिफन थांबन. तिचं पोट भरेपर्यंत."

"थांबन," पाटील म्हणाले.

"अन् झोळी कोन हालवन? थांबली का ही रडते. ही रडली का माहा जीव तिकडं जाते अन् मूठ चुकते. मंग वावरात टक्कल पडलं तर मले बोल नका लावू."

"आता झोळीले माणूस कोठून आनू? सारं गाव वेचणीत हाये!"

"तुमी हाये न रिकामे."

पुंजाजी बाहेर मालकाच्याच बैलांना पाणी पाजत होता. त्याच्या हातातली बादली बैलाच्या पायावर पडली.

पाटलांनी आभाळाकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. "पुंज्या," ते म्हणाले, "कोनाले सांगजो नको."

नदीकाठच्या वावरात झोळी निंबाला बांधली. पाटील टोपी सारखी करून, दोरी हातात घेऊन मातीवर बसले. तिफन चालली. तिफनीचा पहिला तास, म्हणजे एक लांब ओळ, पेरून परत येईतो पाटलांना पानाची तलफ आली. दोरी सोडून चंची उघडली, तोच गोदानं बोंब ठोकली.

"हो हो हो!" पुंजाजीनं बैल थांबवले.

"चालू दे बे! काऊन थांबला?" पाटील ओरडले.

"मूठ थांबली, मालक."

पंचफुला चाड्यावर हात ठेवून झोळीकडं बघत होती. पाटलांनी चंची फेकली आणि दोरी धरली. पण आता पोरीला नुसता झोका पुरेना, तिला आवाज पाहिजे. पाटलांना अंगाईची एक ओळ येत असेल तर शपथ! त्यांनी बैलांना घालतात तशी हाळी घालून पाहिली, आरतीचं एक कडवं म्हणून पाहिलं. शेवटी येत होतं तेच सुरू केलं. "बंधूंनो आणि भगिनींनो, आज आपला देश…" आणि काय सांगावं, दुसऱ्या वाक्याला पोरीचे डोळे मिटले! त्या दिवशी पाटलांचं ते भाषण चार वेळा पूर्ण झालं. मधे गोदानं त्यांच्या धोतरावर धारही सोडली. पाटील उठले नाहीत. उठले असते तर दोरी थांबली असती.

दुपारी पंचफुला निंबाखाली पोरीला पाजत बसली होती, तिफन उभी होती, पाटील रिकामी झोळी सावरत होते. तेवढ्यात धुऱ्यापाशी जीप थांबली. आधी ग्रामसेवक शेषराव उतरला, मागून तालुक्याचे साहेब. पाटलांना लपायला निंबाचं खोडसुद्धा पुरलं नाही.

"महादेवराव, हे काय?" साहेबांनी ओल्या धोतराकडं आणि दोरीकडं पाहिलं.

पाटील पुढारी होते. त्यांना सुचायला वेळ लागला नाही. "हे… हे पाळणाघर, साहेब. शेतावरचं. आपण सुरू केलं."

"अहो, वा! शेषराव, माझ्या वहीत लिहून घ्या. असा उपक्रम अख्ख्या तालुक्यात नाही." साहेब पंचफुलेकडं वळले. "बाई, खरंच दूध पाजायला सुट्टी मिळते?"

पाटलांचा जीव टांगणीला लागला. एका शब्दात बाई त्यांना उघडं पाडू शकत होती, आणि हे तिलाही कळलं. तिनं पदर नीट केला.

"हाव साहेब. दिवसातून तीनदा. मजुरी कटत नाई."

"छान!"

"वर्षभर हाये ते. निंदणाले, वेचणीले, साऱ्या कामाले. अन् साऱ्याच बायाइले. मालकानं आजच सांगतलं. हो न, मालक?"

पाटलांनी तिच्याकडं पाहिलं. मग साहेबांच्या वहीकडं. शेषरावाचा पेन थांबून वाट बघत होता.

"हो," पाटील म्हणाले. "सांगतलं तर होतं."

"पुढच्या सोमवारी सभापतींना घेऊन येतो," साहेब म्हणाले. "पण एकच मूल? सहा-सात तरी दिसायला पाहिजेत."

नदीकाठचं वावर पेरून झालं, ओल असतानाच झालं. आणि रविवारी गावानं कधी न पाहिलेलं पाहिलं. महादेवराव पाटील दारोदार लेकरं मागत फिरत होते. "उद्या वेचणीले या, पोट्टं संग आना, घरी ठेवू नका." बायांना आधी वाटलं, मालकाला ऊन लागलं. मग पंचफुलेनं सारा किस्सा सांगितला, आणि त्या पोट धरधरून हसल्या.

सोमवारी कपाशीच्या वावरात निंबाखाली सात झोळ्या टांगल्या. सभापती आले. हार झाला, भाषण झालं, सातही लेकरं एकदम रडली, सभापतींनी घड्याळ पाहिलं आणि जीप निघून गेली.

धुरळा खाली बसायच्या आत पाटील म्हणाले, "चला, झालं. सोडा झोळ्या. न्या आपआपले पोट्टे घरी."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. पंचफुला गाठीवर हात ठेवून उभी राहिली. "साहेबाच्या वहीत वर्षभर लिहलं हाये, मालक," ती म्हणाली. पण वही तालुक्याला गेली होती, आणि वावर पाटलांचं होतं.

तेवढ्यात सरस्वतीबाई पुढं आली. ती सभापतींसाठी चहा घेऊन आली होती आणि दोन लेकरं मांडीवर घेऊन तिथंच बसली होती. आजवर चारचौघांत ती नवऱ्यापुढं कधी बोलली नव्हती.

"कोन सोडते झोळी, पाहू द्या मले," ती म्हणाली. "पाच लेकरं झाले मले या घरात. एकाले तुमी उचलून पाह्यलं नाई. धाकट्याच्या वक्ती तिसऱ्या दिवशी उठून तुमच्या गड्याइच्या भाकरी थापल्या मी. तो रडत होता अन् मी थापत होती. तवा कोनी नाई आलं दोरी ओढाले."

तिनं एका झोळीची दोरी उचलून पाटलांच्या हातात दिली.

"आता सभापतीनं हार घातला न तुमाले? मंग बसा."

पाटलांनी पुंजाजीकडं पाहिलं. पुंजाजीनं, जन्मात पहिल्यांदा, मालकाची नजर चुकवली नाही. पंचफुलेनं गोदाची पापी घेतली, कमरेला कापसाची ओटी बांधली आणि बाकीच्या बायांना घेऊन वेचणीच्या तासाला लागली.

पाटील बसले. झोळ्या सात होत्या आणि हात दोन.