पेल्यातली साधी कैद

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, जिना भरला, खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं चढून बसली. समोर व्यासपीठावर पांढऱ्या सदऱ्यातला एक गोरटेला माणूस पाण्याने भरलेला काचेचा पेला दोन्ही हातांत धरून त्यात टक लावून बघत होता. लोक त्याला त्रिकालदर्शी म्हणायचे. मी त्याला त्रिकाळ म्हणते. त्याच्यावर याहून लांब शब्द खर्च करायची माझी तयारी नाही.

"दिसतंय..." त्रिकाळ डोळे बारीक करून म्हणाला. "एक चाक दिसतंय. पोरांचा गलका ऐकू येतोय. आणि मागे... मागे तांब्याची तार आहे. बावीस वर्षांपूर्वीची. ऊठ, चालका!"

तिसऱ्या रांगेत माझे मेहुणे उभे राहिले. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. शाळेची बस चालवतात आणि पोरं चढली की सीट मोजल्याशिवाय गाडी हलवत नाहीत.

"कारखान्याच्या गोदामातून तार चोरलीस! कोर्टाने तुला दोषी ठरवलं! सहा महिने साधी कैद! बोल, खोटं आहे का?"

मेहुण्यांची बोबडी वळली. खटला झाला होता हे खरंच होतं. त्यांचा तो चेहरा बघून सभागृहातून एकच 'आहा' उठला. त्रिकाळने लगेच विचारलं, "हा माणूस तुमच्या लेकरांच्या बसवर कुणाकुणाला नको?" भराभर हात वर गेले. शाळेच्या बसची व्यवस्था बघणाऱ्याचाही गेला. शेजारी बसलेली मेहुण्यांची नववीतली लेक उठली आणि चार खुर्च्या सोडून लांब जाऊन बसली.

सोमवारी शाळेने बसची किल्ली काढून घेतली. मेहुणे मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. लेक त्यांच्याशी बोलेना. धाकटी एकटीच दोघांपुढे ताटं ठेवायची आणि तशीच उचलून न्यायची.

हा त्रिकाळचा पहिला चमत्कार नव्हता. आधी त्याने लोखंडाच्या दुकानदाराची जुनी मारामारी सांगितली होती, मग शिवणकाम करणाऱ्या एका बाईची खोटी सही. तेव्हापासून शहरात ज्यांच्या मनात काही दडलेलं होतं, ते सगळे आपली पाळी यायच्या आधी त्याला एकांतात भेटायला धावू लागले. जाताना हातात पाकीट, येताना रिकामे. याला लोक साक्षात्कार म्हणत होते.

मी कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसते. सव्वीस वर्षं अर्ज टाइप करतेय. बसची किल्ली गेली त्या रात्री मला झोप आली नाही, ती रागाने आणि एका शब्दाने. साधी कैद. शेजारीपाजारी 'जेल' म्हणतात, 'आत गेला' म्हणतात, 'खडी फोडायला गेला' म्हणतात. 'साधी कैद' म्हणतो तो निकालपत्राची शेवटची ओळ वाचणारा माणूस. पाण्यात बघणाऱ्याला गज दिसले असते. याला ओळ दिसली होती.

सकाळी मी माझ्या कॉम्प्युटरवर जुने अर्ज उघडले आणि मलाच दरदरून घाम फुटला. गेल्या पाच महिन्यांत मी एकाच माणसाला अकरा अर्ज टाइप करून दिले होते. पांढरे कॅनव्हासचे बूट घालणारा, गोडबोल्या. 'शहराचा इतिहास लिहितोय, ताई,' म्हणायचा. प्रत्येक अर्ज एकेका वर्षाचा: निकाली निघालेल्या फौजदारी खटल्यांची नोंदवही पाहण्यास परवानगी मिळावी. रविवारी व्यासपीठावर त्रिकाळच्या पेल्यात पाणी ओतत होता तो हाच. म्हणजे त्याच्या दिव्यदृष्टीचा अर्ज मी माझ्या हातांनी टाइप केला होता, आणि वर त्याला चहाही पाजला होता!

तशीच उठून मी धाकटीकडे गेले.

"अपील झालं होतं ना?" मी विचारलं.

"झालं होतं. सुटले होते," धाकटी पदराने डोळे पुसत म्हणाली. "पण विषयच नको म्हणायचे. आता मी सांगितलं तर ही म्हणते, तू त्यांचीच बाजू घेणार."

भाची दारात उभी होती. "मग त्यांना पाण्यात कसं दिसलं, मावशी? वर्ष, तार, सगळं बरोबर होतं. पप्पापण गप्प बसले."

"उद्या शाळेला दांडी मार," मी म्हटलं. "मी सांगितलेलं ऐकू नकोस. स्वतः वाच."

दुसऱ्या दिवशी आम्ही कोर्टाच्या अभिलेख कक्षाच्या खिडकीसमोर उभ्या राहिलो. भाचीने अर्ज दिला. आतल्या कारकुनाने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"खटल्याचा नंबर?"

"माहीत नाही," ती पुटपुटली.

"बरं, नाव, वर्ष आणि पोलीस ठाणं सांग. सापडतं त्यावरून."

"हे कुणालाही बघता येतं?"

"अर्ज केला तर येतं. काय घरी नेऊन लोणचं घालायचंय का त्याचं?"

वही आली. भाचीने बोट फिरवलं आणि तिचा चेहरा पडला. "दोषी. सहा महिने साधी कैद. मावशी, खरंच आहे की."

"पुढे वाच."

"पुढचा रकाना कोरा आहे."

"कोरा म्हणजे काही झालं नाही असं नव्हे," कारकून म्हणाला. "अपिलाचा निकाल वरच्या कोर्टाच्या वहीत असतो. तिथून कळवलं तर आम्ही इथे लिहायचं. बऱ्याचदा राहून जातं. रस्ता ओलांडा."

रस्ता ओलांडला. पलीकडच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, अपिलाचं निकालपत्र मिळालं. भाचीने जिन्यातच बसून ते मोठ्याने वाचलं. तार गोदामपालानेच विकली होती आणि नव्या हमालाचं, म्हणजे मेहुण्यांचं, नाव पुढे केलं होतं. उलटतपासणीत त्याने ते कबूल केलं होतं, तरी खालच्या कोर्टाने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. 'आरोपीस निर्दोष मुक्त करण्यात येत आहे.' ती ओळ तिने तीनदा वाचली आणि ओक्साबोक्शी रडली. मी तिला रडू दिलं. तिला ते हवंच होतं.

मग पोलीस ठाणं. अटकेच्या नोंदीत संध्याकाळी अटक, दुसऱ्या दिवशी दुपारी जामीन. शेवटी तुरुंगाच्या कार्यालयात अर्ज टाकला. आठ दिवसांनी लेखी उत्तर आलं: या नावाचा कैदी खटला सुरू झाल्यापासून अपिलाच्या निकालापर्यंत आमच्याकडे दाखल झालेला नाही. अपील चालू असताना शिक्षा स्थगित होती. मेहुण्यांनी तुरुंगाचं फाटकसुद्धा आतून पाहिलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पहिल्या रांगेत बसले. पिशवीत चार प्रमाणित नकला आणि डोक्यात आग. मला नुसतं खरं सांगायचं नव्हतं. मला त्याला त्याच्याच तोंडाने बुडवायचं होतं.

"महाराज," मी हात जोडून उभी राहिले, "त्या चालकाच्या मेहुणीला एवढं सांगा, तुरुंगात त्याचे कसे दिवस गेले?"

त्रिकाळ खुलला. गिऱ्हाईक चालून आलं होतं. "दिसतंय... उजव्या हाताची बराक. घोंगडी फाटकी. भिंतीवर तो नखाने रेघा मारतोय."

"किती रेघा, महाराज?"

"एकशे ऐंशी! शेवटच्या रात्री तो ढसाढसा रडतोय!"

लोक हळहळले. मी व्यासपीठावर चढले, ध्वनिक्षेपक ओढून घेतला आणि तुरुंगाचं पत्र वाचलं. मग जामिनाची नोंद. मग अपिलाचा निकाल, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता.

"पेल्यात... आज जरा धुकं आहे," त्रिकाळ म्हणाला.

"धुकं नाही. रस्ता आहे," मी म्हटलं. "तुझा माणूस तो ओलांडून पलीकडच्या इमारतीत गेला नाही. तुझी दिव्यदृष्टी रस्त्याच्या अलीकडेच संपते!"

मग अकरा अर्जांच्या तारखा वाचल्या. पाच तारखेला अमुक वर्षाचा अर्ज, दहा तारखेला त्याच वर्षातली मारामारी पेल्यात. एकोणीसला दुसऱ्या वर्षाचा अर्ज, चोवीसला खोटी सही. "आणि परवाच्या मंगळवारी यांनी माझ्याकडूनच बारावा अर्ज टाइप करून घेतलाय. कुठल्या वर्षाचा ते सांगू? त्या वर्षी कुणाकुणावर खटले झाले, ज्याने त्याने आठवून बघा. पुढच्या रविवारी तुमची पाळी होती."

कॅनव्हासचे बूट दाराकडे सटकले. दारात लोखंडवाला आडवा उभा होता. त्याने त्याची कॉलर धरून त्याला माझ्यासमोर आणलं, आणि मी त्याला बारावा अर्ज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावला. वाचताना तो तीनदा अडखळला. तिन्ही वेळा मी त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. मला त्याची दया आली नाही. त्रिकाळच्या हातातला पेला कलंडला होता आणि पाणी सदऱ्यावर सांडत होतं. ते बघून मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणतात.

पाकिटं दिलेली सात माणसं त्याच दिवशी पोलिसांत गेली. तक्रारी मीच टाइप केल्या. पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीच्या दारात लोक येऊ लागले. पहिला आला बसची व्यवस्था बघणारा. "ताई, चूक झाली. माफी मागायला आलोय."

मी उंबऱ्यावर उभी होते. "निकाल वाचलात?"

"तुम्ही वाचून दाखवलात ना."

"त्याने पेल्यातून वाचून दाखवलं, ते तुम्हाला खरं वाटलं. काल मी कागदावरून वाचून दाखवलं, तेही खरं वाटतंय. दोन्ही वेळा तुम्ही फक्त ऐकलंत. रांगेत उभे राहा, अर्ज करा, स्वतःच्या डोळ्यांनी शेवटची ओळ वाचा, मग या."

"ताई, पुरे आता," आतून मेहुणे म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीपर्यंत आला होता.

"पुरे नाही, पप्पा," भाची म्हणाली. ती त्यांच्या शेजारी बसून गृहपाठ करत होती. "मावशीचं बरोबर आहे."

म्हणून हे लिहिलं. तुमच्यासमोर कुणी कुणाचं पाप वाचायला लागला, मग त्याच्या हातात पेला असो, मोबाईल असो की वर्तमानपत्र, त्याला विचारा: हे कुठल्या वहीत लिहिलंय, आणि पुढे काय झालं? त्याला सांगता आलं नाही तर हात खाली ठेवा आणि स्वतः जाऊन बघा. नाव, वर्ष आणि पोलीस ठाणं एवढं माहीत असलं की पुरतं.

बसची व्यवस्था बघणारा गुरुवारी परत आला. निकालपत्राची नक्कल त्याने छातीशी धरली होती. त्याने मेहुण्यांच्या हातात किल्ली दिली आणि मान खाली घालून उभा राहिला. त्या पहिल्या रविवारी एकूण एकेचाळीस हात वर गेले होते. मी मोजलेत. त्यातले सत्तावीस जण आजपर्यंत वाचून, माफी मागून गेले. चौदा बाकी आहेत. त्यांची नावं माझ्याकडे आहेत, आणि खिडकी रोज अकरा वाजता उघडते.