देवीचं ताट आणि राखेतली पावलं

"जेवली! देवी जेवली!"

वृषालीच्या आरोळीसरशी सोसायटीतल्या साऱ्या बाया मागच्या परसात धावल्या. कुंपणाच्या चारी कोपऱ्यांत काल संध्याकाळी ठेवलेली दहीभाताची ताटं लख्ख झाली होती. एक शीत शिल्लक नव्हतं. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल काढला. आणि वाफ्यातले मुळे? जागच्या जागी! सलग आठवा दिवस.

हात ठकूबाईंनीही जोडले. पुढं तेच त्यांना झोंबलं.

मंचरमधल्या या बारा घरांच्या सोसायटीत बायांनी मागच्या मोकळ्या जागेत भाजीचे वाफे केले होते. निरगुडसरहून लेकाकडं राहायला आलेल्या ठकूबाई तिथल्या म्होरक्या. शाळा दुसरीपर्यंत, जीभ मात्र कोयत्यासारखी. पण चार महिने घुशींनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते. बीट कुरतडलेलं, मुळे पोखरलेले, वांग्याची रोपं बुडापासून आडवी. पिंजरा लावला तर त्यात शेजारचं मांजर सापडलं. औषध ठेवू म्हटलं तर सोसायटीतल्याच कंचनबाई कळवळल्या, "जीव नका मारू हो!" शेवटी वृषाली, म्हणजे ठकूबाईंची सून, कुठूनसे मूषकनाथ महाराज घेऊन आली.

"माताजी," महाराज म्हणाले, "घूस हा जीव न्हाई, हा संदेश आहे! भूमीची देवी उपाशी आहे. रोज सूर्यास्ताला चार दिशांना भोग द्या. एनर्जी बदलते. सायन्सनं पण मान्य केलंय." सायन्सचं नाव घेताना त्यांनी डोळे मिटले. बहुतेक ते समोर येऊन उभं राहील, या भीतीनं.

नवव्या दिवशी मुळे पुन्हा उपटलेले. पूर्वीपेक्षा दुप्पट. महाराज आले, चिमूटभर माती हुंगली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "देवी रुसली. इथं एकीची नजर आहे. एकटी राहते. सगळ्यांच्या आधी वाफ्यात येते."

साऱ्या माना धोंडाबाईंकडं वळल्या. शेवटच्या घरात एकट्या राहणाऱ्या धोंडाबाई पहाटे उठून स्वतःच्या वाफ्याबरोबर दुसऱ्यांच्या वाफ्यांनाही पाणी घालत.

"रविवारी तिचा घेवड्याचा वेल मुळासकट उपटा. तिचा पाय या मातीला लागता कामा नये."

धोंडाबाईंनी ठकूबाईंकडं पाहिलं. ठकूबाई पदर झटकून उठल्या आणि घरात गेल्या.

घरात मात्र तेच डोक्यात फिरत राहिलं. गावभर लोकांची उणीदुणी काढणारी आपली जीभ नेमकी तेव्हाच कुठं मेली व्हती? दोन दिवस त्यांनी भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी रिकामं ताट घासता घासता त्यांचा हात थांबला. ताटाच्या काठाला मातीचे बारीक ओरखडे होते.

"वृषाली, देवी नखं वाढवती का गं?"

"आत्या, चेष्टा करू नका. कोप होईल."

ठकूबाईंना एकदम पिठाची टोपली आठवली. घरात माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरून वर टोपली झाकायची, आणि मेलेला कुठल्या जन्माला गेला ते सकाळी पावलांवरून ओळखायचं. सासऱ्यांच्या वेळी पिठात झुरळाची रेघ उमटली होती, आणि सासूबाईंनी ती मोराची म्हणून सगळ्यांना पाया पडायला लावलं होतं. पुढचा जन्म राहू दे बाजूला. पण जिवंत प्राणी आला-गेला तर पाऊल उमटतंच की!

शनिवारी संध्याकाळी त्यांनी बंबातली राख चाळली आणि चारी ताटांभोवती हातभर पसरली. तीन ताटं उघडी ठेवली. चौथ्यावर लोखंडी घमेलं पालथं घातलं, वर पाटा ठेवला.

रविवारी सकाळी बाया जमल्या, महाराजही आले. ठकूबाई वाटेत आडव्या उभ्या.

"कुणी पुढं यायचं न्हाई. आधी डोळं उघडून बघा."

तीन ताटं साफ. भोवतीच्या राखेत पावलंच पावलं, मोठी, चिमुकली, मध्ये शेपटीच्या ओढल्याच्या रेघा. सगळ्या रेघा जात होत्या सांडपाण्याच्या फुटक्या पाइपाकडं. ठकूबाईंनी पाटा उतरवला, घमेलं उचललं. भात होता तसा. नुसत्या मुंग्या.

"देवीला घमेलं उचललं न्हाई का वो, म्हाराज?"

महाराजांनी राखेकडं पाहिलं. मग हात वर केले. "चमत्कार! देवी मूषकरूपात आली!"

"आस्सं? म्हंजी मुळे पण देवीच खात व्हती. मग या धोंडीची नजर कुठनं आली? आन् मुळे देवीचाच भोग व्हते, तर घुशी घालवायला आमी तुमाला कशाला बोलावलं?"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज म्हणाले, "श्रद्धा नसेल तर—" आणि वाक्य अर्धं टाकून मोटरसायकलकडं निघाले.

"पण आत्या, आठ दिवस मुळे राहिले ते?" वृषालीनं विचारलं.

"पोट भरल्यावर कोण माती उकरतंय? आयता भात मिळत व्हता. मग घुशी भावकी घिऊन आल्या, भात पुरंना, वळल्या मुळ्यांकडं. आपुनच पोसल्या गं त्या. मीच पयलं ताट वाढलं."

दुपारी फुटक्या पाइपाला लोखंडी जाळी बसली. कुंपणाची जाळी हातभर खोल जमिनीत पुरली गेली. खरकटं झाकणाच्या डब्यात जाऊ लागलं. एकही जीव मारावा लागला नाही, म्हणून कंचनबाईही खूश.

संध्याकाळी ठकूबाई शेवटच्या घरी गेल्या. जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती.

"धोंडे, चुकलं माझं."

"म्हाराजाच्या बोलण्याचं न्हाई वाटलं काई," धोंडाबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "तू उठून गेलीस, त्याचं वाटलं." आणि दार लोटून घेतलं.

ठकूबाई परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी पाणी घालायला धोंडाबाई आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. त्यांच्या घेवड्याला पाणी ठकूबाईच घालत होत्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून ऐकवत होत्या, "पीक गेलं तर बीळ शोधा बायांनो, बाईचं तोंड नगा शोधू. कुणी म्हाराज बोट दाखवील, तवा आधी खाली वाकून मातीत बघा. राखेला खोटं बोलता येत न्हाई. आन् बीळ बुजवता येतं, माणसाचं मन लवकर बुजत न्हाई."