रुपरावांच्या मांडीतला रॉड

वाडीतल्या एका प्राथमिक शाळेत कामिनी मॅडमनी सोमवारी तिसरीच्या वर्गाला चुंबक शिकवले. मुलांनी खिळा, किल्ली, खोडरबर, बांगडीचा तुकडा लावून पाहिला आणि वहीत दोन रकाने आखले: चिकटते, चिकटत नाही. शेवटी मॅडमनी फळ्यावर लिहिले, ‘लोखंड आणि स्टील चुंबकाला चिकटते.’ प्रत्येकाला एक चुंबक घरी दिले. घरातल्या दहा वस्तू तपासून आणायच्या होत्या.

वैभवीने नऊ वस्तू तपासल्या. दहावी म्हणून तिने बाबांची मांडी घेतली.

तिचे वडील रुपराव गोदामात हमाल. दीड महिन्यापूर्वी पोती उतरवताना ते ट्रकवरून पडले. मांडीचे हाड मोडले, ऑपरेशन करून आत स्टीलचा रॉड बसवला. जखम पाझरत होती, म्हणून दर तीन दिवसांनी ड्रेसिंगला जायचे होते. वैभवीने चुंबक मांडीला लावले, गुडघ्यापाशी लावले. ते दर वेळी गादीवर पडले.

त्या दिवसापासून रुपराव दवाखान्यात गेले नाहीत.

मॅडमना मधे मतदारयादीच्या कामाला जुंपले होते. वह्या तपासायला सतरा दिवस लागले. ‘चिकटत नाही’च्या रकान्यात ‘बाबाचा पाय’ वाचून त्या आधी हसल्या. मग त्यांनी वैभवीला विचारले आणि शाळा सुटताच तिच्याबरोबर खोलीवर गेल्या.

दारातच वास आला.

“रॉड टाकलाच नाही त्याईनं,” रुपराव म्हणाले. “फसवलं मले.”

“एक्स-रेमध्ये दिसतो ना?”

“फोटोचं काय घेऊन बसल्या मॅडम! आमच्या गोदामातले पोट्टे मोबाईलवर मले हिरो बनवून टाकते.”

“मी किती सांगून राहिली,” त्यांची बायको पुष्पलता म्हणाली. “दहा डाव म्हटलं, चाला गा, पट्टी तरी बदलून येऊ. आयकतच नाही.”

“तू चूप बस वं. मॅडमनंच शिकवलं ना पोरीले?”

मॅडमनी मांडणीवरचा स्टीलचा पेला घेतला आणि त्याला वैभवीजवळचे चुंबक लावले. चिकटले नाही. दुसरा पेला, तेच.

“सगळं स्टील चिकटत नाही, भाऊ. पायात घालतात ते तर नाहीच. माझं चुकलं. मी अर्धंच शिकवलं.”

रुपरावांनी चुंबक हातात घेऊन पेल्याला स्वतः लावून पाहिले. मग उठायला गेले आणि त्यांना उठता आले नाही. पुष्पलताने चादर बाजूला केली. मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी सुजली होती.

पुष्पलताने ऑटो बोलावून आणला. ऑटोवाल्याने आणि मॅडमनी त्यांना धरून आत बसवले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली. पू हाडापर्यंत गेला होता. रॉड काढावा लागणार होता.

“इतके दिवस कुठे होता?”

“कामात होतो, साहेब.”

डॉक्टरांनी पायाकडे पाहिले, मग रुपरावांकडे.

“त्यांना वाटलं, आत रॉड नाही,” मॅडम म्हणाल्या. “माझ्यामुळे वाटलं.” आणि त्यांनी चुंबकाचे सगळे सांगितले.

डॉक्टर लिहीतच राहिले. “पाय वाचेल की नाही, ते उद्या सांगतो. इथे थांबणार कोण?”

“मी,” पुष्पलता म्हणाली.

“वैभवीला मी घरी नेते,” मॅडम म्हणाल्या. “सकाळी आणून सोडते.”

पुष्पलताने पोरीला जवळ ओढले.

“नको मॅडम. राहू द्या तिले इथंच.”