गुरुबहिणीचं यील्ड

ती आमच्या सरांच्या प्रयोगशाळेत माझ्यानंतर आली. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण कुणीतरी तिच्यासाठीच आधीपासून करून ठेवली असावी. आम्ही तिला पसारा म्हणायचो. तिच्या टेबलावर धुतलेलं आणि न धुतलेलं काचसामान गुण्यागोविंदाने नांदायचं, आणि बाटली उघडली की तिचं झाकण परत लावायचं असतं, हे तिला शेवटपर्यंत कुणी शिकवू शकलं नाही. तिच्या मागे मागे फिरून झाकणं मी लावायचे. सर मात्र उभे राहायचे ते तिच्याच टेबलाशी. "हिला सुचतं," असं ते माझ्यादेखत म्हणायचे. माझ्याबद्दल म्हणायचे, "ही स्वच्छ काम करते." स्वच्छ काम तर वॉशिंग मशीनही करतं.

पुढे ती मोठ्या विद्यापीठात गेली आणि मी सरांच्या जर्नलमध्ये आले. जर्नल सेंद्रिय रसायनशास्त्राचं आहे, आणि त्यातही आमचा प्रांत छोटा: रेणू घडवण्याच्या नव्या रीती. औषधाचा गुण आला का, रंग पक्का बसला का, हे आम्ही विचारत नाही. एकच गोष्ट विचारतो, की ही रीत दुसऱ्याच्या हातून जमते का? त्यासाठी आलेली प्रत्येक रीत छापण्याआधी आम्ही आमच्या प्रयोगशाळेत करून बघतो. निघायला हवा त्यातला किती माल खरोखर हाती आला, त्या टक्केवारीला आम्ही यील्ड म्हणतो. लेखकाचं यील्ड आमच्याकडे जमलं नाही तर लेख परत जातो. करून बघणारी मी.

या पद्धतीचं सगळे तोंडभरून कौतुक करतात, आणि तिच्याच पायी आम्ही बुडत चाललो होतो. जर्नलची पत आजकाल इम्पॅक्ट फॅक्टरवर ठरते. गेल्या दोन वर्षांत तुम्ही छापलेल्या लेखांचा दाखला इतरांनी आपल्या लेखांत सरासरी किती वेळा दिला, तो हा आकडा. इतर जर्नलं गाजावाजा होणारे विषय बघून लेख छापतात. आम्ही मूठभर छापतो, तेही करून बघून, आणि लोक आमची रीत वापरतात पण दाखला द्यायला विसरतात. आकडा दरवर्षी उतरत होता. प्रकाशन कंपनीच्या संचालक बाईंनी सरांना गोड शब्दांत सांगितलं होतं की आकडा चढला नाही तर तपासणीचा खर्च परवडणार नाही. तपासणी बंद म्हणजे मी बंद.

अशात सरांनी एक लेख माझ्यापुढे ठेवला. वर पसाऱ्याचं नाव होतं.

"रीत चांगली आहे," सर म्हणाले. "ही जमली तर सगळे वापरतील. दाखलेही देतील. आपल्याला अशीच एक हवी होती."

"बघते," मी म्हटलं.

आत माझा जळफळाट चालला होता. वाचता वाचता तो वाढला, कारण कल्पना सुरेख होती. इतकी साधी, की मला का सुचली नाही असं वाटावं. मला ती सुचली नव्हती, हेच दुखणं होतं.

मी कामाला लागले. लेखात 'कोरडं सॉल्व्हंट वापरावं' असं लिहिलं होतं, म्हणजे ज्या द्रवात सगळं विरघळवायचं त्यात पाण्याचा अंशही नको. मी ते पाणी शोषणाऱ्या गोळ्यांवर ठेवलं, मग उकळून त्याची वाफ थंड करून गोळा केली. काच ओव्हनमध्ये तापवली. सगळं शास्त्रोक्त. पसाऱ्याने लिहिलं होतं पंच्याऐंशी टक्के. माझ्या हाती जेमतेम चिमूटभर माल आला. पुन्हा केलं, आणखी काळजीने. आणखी कमी आला.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. घरी जाताना मी गुणगुणत होते.

"काय गं, पगार वाढला वाटतं?" नवऱ्याने विचारलं.

"पसाऱ्याची रीत जमत नाही," मी म्हटलं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिची जमली नाही तर तुझी नोकरी जाईल, असं परवा तूच म्हणालीस ना? मग हसतेस कशाला?"

"आई, नियम म्हणजे नियम."

"नियमाचं ठीक आहे. मी हसण्याचं विचारलं."

दुसऱ्या दिवशी मी लेख परत पाठवायचं पत्र लिहायला बसले. मला कुणी बोल लावू शकलं नसतं. नोकरी गेली असती तर गेली असती. पसारा तोंडघशी पडली असती, हे समाधान घेऊन घरी बसायची माझी तयारी होती. इतकी मी जळत होते. पत्रात लिहिलं, 'सॉल्व्हंट पूर्णपणे कोरडं करून घेतलं होतं.' आणि मनात आलं, हिने आयुष्यात कधी सॉल्व्हंट कोरडं ठेवलंय? बाटलीवर 'कोरडं' छापलेलं असेल, पण झाकण? ते पडलं असेल टेबलाखाली. दिवसभर हवेतला ओलावा आत जात असेल आणि बाईसाहेब त्यातूनच ओतून घेत असतील.

मी तिच्यावर चरफडत होते, आणि चरफडता चरफडता माझा हात थांबला. ही रीत पाण्यानेच चालत असेल तर? चिमूटभर ओलाव्याने? तो मी राबून राबून काढून टाकला होता.

पत्र तसंच पूर्ण करून पाठवलं तरी कुणाला काही कळणार नव्हतं. पसाऱ्यालाही नाही, आपली रीत कशामुळे चालते हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ते जगात एकट्या मला कळलं होतं, आणि कळल्यावर करून न बघणं मला जमेना. मी सॉल्व्हंटची बाटली खिडकीपाशी उघडी ठेवली. मुद्दाम झाकण न लावण्याची माझी ती पहिलीच वेळ. नंतर त्याच सॉल्व्हंटमध्ये प्रयोग लावला. यील्ड आलं सत्त्याऐंशी टक्के. तिच्यापेक्षा दोन जास्त.

लेख छापून आला. शेवटी टीप होती: 'थोडंसं पाणी आवश्यक, तपासणीत आढळलं.' खाली बारीक अक्षरात माझं नाव. पुढच्या दोन वर्षांत त्या लेखाचे दाखले पडत गेले, जर्नलचा आकडा चढला, तपासणी राहिली, मीही राहिले. दाखल्यांत नाव अर्थात तिचंच. बारीक अक्षरांचा दाखला कुणी देत नाही.

मग एक दिवस पसारा जर्नलमध्ये आली. सरांशी बोलून झाल्यावर माझ्या टेबलाशी आली आणि सवयीने एक बाटली उघडून वास घेऊ लागली.

"ती टीप नसती तर माझी रीत निम्म्या जगाला जमली नसती," ती म्हणाली. "लोकांनी मला थापाडी म्हटलं असतं."

"माझं कामच आहे ते."

"म्हणून तर तपासणी तुझ्याकडेच द्या, असं मी सरांना सांगितलं होतं. सर नको म्हणत होते, या एका लेखापुरतं बाहेरच्या कुणाला तरी बोलावणार होते. म्हणाले, अगं, ती तुझ्यावर जळते."

मी स्वच्छच असलेली एक काचनळी पुन्हा पुसायला घेतली.

"मी म्हटलं, म्हणूनच तिच्याकडे द्या. माझं चुकावं असं तिच्याइतकं कुणालाच वाटत नाही. तिच्या हातून जमलं, तर ते कुणाच्याही हातून जमेल."

ती गेली. बाटली तशीच उघडी होती. क्षणभर मला बरं वाटलं, अगदी मनापासून. सरांनी नाही तर नाही, तिने तरी मला ओळखलं होतं. मग मी झाकण लावायला उठले आणि लक्षात आलं, की जळणाऱ्यालाच तपासायला बसवावं, ही कल्पनाही तिलाच सुचली होती.