मतपत्रिकेवर बिस्किट नव्हता

बिस्किटचं खरं नाव काय, हे आमच्या हॅचबेंडमध्ये कोणाला माहीत नव्हतं आणि विचारावंसंही कोणाला वाटलं नव्हतं. नऊ वर्षांचा असताना त्याला नदीवर बाप्तिस्म्याला नेलं. विधी लांबला तर उपाशी राहायला नको म्हणून आजीने सकाळी केलेली लोण्याची बिस्किटं त्याने खिशात कोंबली होती. पाद्रीबुवांनी त्याला पाण्यात बुडवला. तो वर यायच्या आधी दोन बिस्किटं वर आली. सगळं चर्च काठावरून बघत होतं. पाद्रीबुवा म्हणाले, "पाप असं तरंगताना मी पहिल्यांदाच बघतोय." त्या दिवसापासून तो बिस्किट झाला. आज पन्नाशीचा आहे.

आडनावाचंही तेच. हा पोटात असताना बाप डेट्रॉइटला कामाला गेला तो गेलाच. वाढवला आजीने, म्हाताऱ्या ड्युप्रीबाईने. म्हणून तो ड्युप्रीबाईचा बिस्किट. त्याची बायको कोरीन शेजारच्या काउंटीत शाळामास्तरीण आहे, फार नेटकी. ती त्याला चारचौघांत 'अहो' म्हणते. त्यामुळे तिच्याकडूनही काही कळायची सोय नव्हती.

ड्युप्रीबाई चार वर्षांपूर्वी ऑगस्टात गेली. व्हरांड्यातल्या खुर्चीत, सकाळी दहा वाजता, मांडीवर शेंगांची पाटी घेऊन सोलता सोलता. आमच्याकडे घरी कोणी गेलं की कोरोनर येऊन बघेपर्यंत आणि कागदावर सही करेपर्यंत मढं हलवता येत नाही. कोरोनर म्हणजे मृत्यूची नोंद करणारा, मतांनी निवडलेला काउंटीचा अधिकारी. तेव्हा तो होता हॉलिस स्ट्रिंगफेलो. राहायला नदीपलीकडे, अंत्यविधीचं सामान आणि गाड्या पुरवणारं दुकान त्याचंच. पलीकडे कोणी आजारी पडलं तरी हा कोट घालून तयार असायचा. आमच्या बाजूला यायला त्या दिवशी त्याला सात तास लागले. मासे पकडायला गेला होता, आणि मासे लागत होते. बिस्किट सात तास आजीच्या शेजारी बसून चर्चमधल्या पुठ्ठ्याच्या पंख्याने माश्या हाकलत होता. त्या पंख्यावर स्ट्रिंगफेलोच्याच दुकानाची जाहिरात होती. 'आपल्या दुःखाच्या घडीला, तत्परतेने.'

बिस्किट कधी गप्प न बसणारा माणूस, पण त्या दिवशी तो एक अक्षर बोलला नाही. पंखा घरी नेऊन खिळ्याला टांगला आणि गेल्या वर्षी कोरोनरच्या जागेसाठी उभा राहिला.

आमच्या काउंटीत खरी निवडणूक ऑगस्टातली, पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी. ती जिंकली की नोव्हेंबरात समोर कोणी नसतंच. बिस्किटने जागोजागी पिवळ्या पाट्या लावल्या, 'कोरोनर? बिस्किट!' आणि तीन शनिवार चर्चमागे मासे तळून गावाला खाऊ घातले. नमुन्याची मतपत्रिका पेपरात छापून आली होती. ती आम्ही टेबलावर अंथरून तिच्यावर मासे खाल्ले.

मंगळवारी सकाळी मी आणि माझी मैत्रीण व्हर्नीस फायर स्टेशनला मत द्यायला गेलो. बंब बाहेर उन्हात काढून ठेवला होता आणि आत दोन पक्षांची दोन टेबलं मांडली होती. एका टेबलापुढे आम्ही सगळे रांगेत. दुसऱ्या टेबलावरच्या बाईने लोकरीचा निम्मा स्वेटर विणून काढला होता, ऑगस्टात.

"तू त्या बिस्किटलाच देणार ना, ओझेला?" व्हर्नीसने विचारलं.

"त्यालाच. आणि तू?"

"मी कोणालाही देईन. कुत्र्याला देईन. त्याला नाही."

व्हर्नीसचा राग जुना. तिचा नवरा आल्टन जन्मभर सगळीकडे उशिरा पोचायचा, स्वतःच्या लग्नालासुद्धा. त्याच्या अंत्यविधीनंतर जेवताना बिस्किट म्हणाला होता, "आज पहिल्यांदाच आल्टनकाका वेळेवर आले." सगळे हसले. व्हर्नीसही हसली, आणि हसली म्हणून तिला जास्त राग आला.

टेबलामागे पर्नेला बसली होती. तिने ओळखपत्र बघितलं. साठ वर्षं शेजारी राहते, तरी बघितलं. मी कागद घेऊन आडोशाला गेले. शेरीफच्या नावापुढचा गोळा काळा केला आणि कोरोनरपाशी आले. तीन नावं होती. हॉलिस स्ट्रिंगफेलो. वेंडेल के. ऑटवेल. थिओड्रिक एम. लॅनफेअर.

बिस्किट नव्हता. मी कागद उलटा करून मागेही बघितलं.

मी पर्नेलाकडे गेले. "अगं, यात बिस्किट कुठाय?"

"काकू, हळू. इथे उमेदवाराचं नाव घेता येत नाही."

"मी कुठे नाव घेतेय? मी बिस्किट म्हणतेय."

"तेही नाही."

"त्याला काढला की काय?"

पर्नेलाने छताकडे बघितलं. मग माझ्याकडे. "काकू, प्रत्येकाला बापाचं नाव असतं. एवढंच बोलू शकते. आता जा, मागे रांग आहे."

मी परत आडोशाला जाऊन विचार केला. म्हणजे दोघांतला एक बिस्किट. लॅनफेअर हे काही त्याचं नाव असणं शक्य नाही. ते वकिलाचं नाव, किंवा महागड्या साबणाचं. ऑटवेल मात्र तोंडात घास असल्यासारखं वाटतं. मी ऑटवेलचा गोळा काळा केला, चांगला दाबून, आणि कागद यंत्रात सरकवला.

मत मागणाऱ्यांना दारापासून दीडशे फुटांच्या आत येऊ देत नाहीत. तिथे दोरी बांधलेली असते. दोरीपलीकडे छत्रीखाली बिस्किट आणि कोरीन खुर्च्या टाकून बसले होते.

"दिलंस ना, काकू?" बिस्किटने विचारलं.

"दिलं. तुझं नाव काय रे?"

"उन्हाचा त्रास झाला का? बस जरा."

"कागदावरचं नाव विचारतेय."

"थिओड्रिक," बिस्किट म्हणाला. "थिओड्रिक मार्सेलस लॅनफेअर. का?"

मी खुर्चीवर बसले. पाणी मागितलं. मग सांगितलं की कागदावर बिस्किट नाही. कोणाला मत दिलं ते मात्र सांगितलं नाही.

बिस्किट कोरीनकडे वळला. "फॉर्म तू भरलास."

"मी भरला आणि तुम्ही सही केलीत," कोरीन म्हणाली. "मतपत्रिकेवर कसं नाव हवं, असं त्यांनी विचारलं होतं. ज्या घरात मयत झालीय तिथे दार वाजवून काय सांगणार, 'मी बिस्किट'?"

"अगं पण गावाला माहीतच नाही."

"पन्नास वर्षांत तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत, यात माझा काय दोष?"

सकाळी सातपासून शंभरेक माणसं आत जाऊन आली होती. बिस्किटने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. असा मी त्याला ड्युप्रीबाईच्या व्हरांड्यातच पाहिला होता.

तेवढ्यात व्हर्नीस आली. खूश होती. "मी त्या लॅनफेअरला दिलं. नाव कसं इस्त्री केल्यासारखं. सभ्य माणूस असणार. आणि बिस्किट नाही, हे तर नक्की."

बिस्किट उठून उभा राहिला. "आभारी आहे, व्हर्नीसकाकू."

"तू कशाला आभार मानतोस?"

"मीच तो."

व्हर्नीसने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उलटी फिरून फायर स्टेशनकडे चालू लागली.

"कुठे निघालीस?"

"कागद परत मागायला."

पाच मिनिटांत परत आली. यंत्रात गेलेला कागद देत नाहीत, असं पर्नेलाने तिला सांगितलं होतं. आणखीही काही सांगितलं असावं, कारण व्हर्नीसचे कान लाल झाले होते.

बिस्किटने मासे तळायच्या पिठाचं रिकामं खोकं फाडलं आणि त्याच्या मागच्या बाजूवर लिहायला घेतलं, 'लॅनफेअर म्हणजे बिस्किट'. कोरीनने त्याचा हात धरला.

"पाटी लावलीत तर व्हर्नीसकाकूंसारखी सगळी मतं जातील."

"नाही लावली तर ओझेलाकाकूंसारखी जातील."

"मग माणूस बघून सांगायचं," मी म्हणाले. "जो तुझा, त्याला कानात सांगू. जो नाही, त्याला नुसता रामराम."

"माझा कोण नाही?" बिस्किटने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

व्हर्नीसने सुस्कारा टाकला आणि खुर्ची ओढून घेतली. "मला माहीत आहे. सगळे माझ्याकडेच येऊन बोलतात. तसं माझं मत तर पडलंच आहे तुझ्या डोंबलावर. वाया गेलेलं मला चालत नाही."

असा आमचा कारभार सुरू झाला. माणूस गाडीतून उतरला की व्हर्नीस निकाल द्यायची.

"हा?"

"सांग."

"ती निळ्या टोपीची?"

"गप्प बसा. तिच्या केकला तू दाराचा अडसर म्हणाला होतास."

"ते गमतीत."

"तिने त्यानंतर केक केलेला नाही. पुढचा."

"डीकन हॉब्स? अहो, त्याला मूतखडा झाला तेव्हा मी गाडी काढून दवाखान्यात नेला."

"आणि वाटेभर हसवलास. मूतखड्यात. गप्प बस."

चर्चचा कारभार बघणारा हा डीकन हॉब्स आमच्यासमोरून छाती काढून गेला आणि परत येताना म्हणाला, "या वेळी एका शिकलेल्या माणसाला दिलंय." कोरीन म्हणाली, "फार चांगलं केलंत." तिच्या आवाजात एवढा मध मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या केंद्रांवरच्या भाच्यांना, चुलत्यांना ती फोन करून हेच शिकवत होती. माणूस बघा, मग तोंड उघडा.

दुपारी दोनपर्यंत बिस्किट पार खचला. "काकू, एवढी माणसं माझ्यावर रागावलेली?"

"अजून मासळी कारखान्याची पाळी सुटायची आहे," व्हर्नीस म्हणाली.

"मग मी कशाला उभा राहिलो? ज्यांच्यासाठी करतोय त्यांना मी नको आहे."

ऊन फार होतं. कोरीनने पिशवीतून तो पुठ्ठ्याचा पंखा काढला, खिळ्यावरचा, आणि त्याला वारा घालू लागली. जाहिरातीची बाजू त्याच्याकडे होती. त्याने थोडा वेळ ती वाचली. मग पंखा तिच्या हातातून घेतला आणि म्हणाला, "ती पांढरी गाडी कोणाची?"

"लुसियस टर्नबोची," व्हर्नीस म्हणाली. "तुझा आहे तो. का ते विचारू नकोस, मलाही कळलेलं नाही. सांग जाऊन."

संध्याकाळी आकडे आले. स्ट्रिंगफेलोला एकोणीसशे चार. लॅनफेअरला अठराशे एकाहत्तर. वेंडेल ऑटवेलला दोनशे बारा. निम्म्याच्या वर कोणीच गेलं नव्हतं, म्हणून पहिल्या दोघांची तीन आठवड्यांनी पुन्हा झुंज.

हा ऑटवेल टायरचं पंक्चर काढतो. मेव्हण्याशी पैज लावून त्याने अर्ज भरला होता, आणि तो बायकोलाही सांगितला नव्हता. दोनशे बारा मतं बघून तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि रडला. "लोकांचं माझ्यावर एवढं प्रेम आहे, मला कल्पनाच नव्हती," म्हणाला. चर्चमध्ये अर्ध्या लोकांनी नजर खाली वळवली. मी माझी चपलेकडे लावली. तो आता शेरीफला उभं राहायचं म्हणतोय.

तीन आठवड्यांनी बिस्किट निवडून आला, साठ मतांनी. तोवर लॅनफेअर कोण हे सगळ्या काउंटीला कळलं होतं. व्हर्नीसने पुन्हा त्यालाच दिलं. "लॅनफेअरला दिलं," ती म्हणाली. "बिस्किटला नाही. नीट लिहून ठेव."

जानेवारीत त्याने शपथ घेतली. महिन्याच्या शेवटी व्हर्नीसचा भाऊ टॉलिव्हर दुपारी कॉफी पिता पिता गेला. तिने मला हाक मारली. मी पोचले तेव्हा ती भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसली होती. रडत नव्हती. मिनिटं मोजत होती.

बाहेर गाडी थांबली. बिस्किट काळा कोट घालून, टोपी हातात धरून दारात उभा राहिला. कोटाला कोरीनने इतकी इस्त्री केली होती की त्याला वाकता येत नव्हतं.

"अठरा मिनिटं," व्हर्नीस म्हणाली. मग उठली, पदर सारखा करावा तसा झग्याचा गळा सारखा केला आणि दारापाशी गेली. "या, लॅनफेअरसाहेब. आत या."

बिस्किटने मागे वळून बघितलं, आपल्या पाठोपाठ कोण आलंय म्हणून.