मशीन बघायला नेलेला गालिचा

गालिचे धुवायचं मशीन विकत घ्यायला जाताना लोक पैसे घेऊन जातात. धाकटी गालिचापण घेऊन गेली.

तिचं म्हणणं असं, की दुकानातल्या गालिच्यावर मशीन चालवून बघण्यात काही राम नाही. तो बिचारा गिऱ्हाइकागणिक धुतला जातो, त्यात मळ उरणार कुठून? मशीनची खरी परीक्षा घ्यायची तर खरा मळ हवा. आणि असा जुना, मुरलेला मळ घरात एकाच ठिकाणी होता, बाबांच्या खोलीत.

बाबा पूर्वी पुस्तकं बांधायचे. आता त्यांच्याच डोक्यातली पानं सुटी झाली होती. धाकटीने त्यांना आपल्या घरी आणलं, तेव्हापासून ते रोज सकाळी पलंगाच्या कडेला पाहुण्यासारखे बसत आणि विचारत, "घरी कधी जायचं?" मग पाय खाली टेकत आणि त्यांच्या घरून आणलेला जुना लांबट गालिचा पायाला लागला की शांत होत. पलंगापाशी शाईचा डाग, तो धाकटीनेच लहानपणी पाडलेला. पुढे खळीचा तांबूस पट्टा, तिथे कपाट. टोकाला चहाचा डाग, तिथून वळलं की न्हाणीघर. धाकटीने खोलीच त्या डागांच्या हिशेबाने लावली होती. भिंती परक्या असल्या तरी बाबा डाग बघत बघत बरोबर जाऊन येत.

धाकटी एका कंपनीत रात्रपाळीला होती. मोठमोठ्या ऑफिसांतले गालिचे धुवायचे, तेही कंपनीच्या मशीनने आणि कंपनीच्या वेळेला. स्वतःचं मशीन आलं की आपल्या सोयीने घरगुती कामं घेता येतील आणि बाबांजवळ थांबता येईल, एवढंच तिला हवं होतं. आत्या बाबांना दिवसभरासाठी आपल्या घरी घेऊन गेली, तेव्हा तिने गालिचा गुंडाळला. टोकाचा वीतभर तुकडा धुऊन बघायचा, बस्स. वीतभराने काय होतंय!

नवरा टेंपो चालवायचा. त्याने गालिचा खांद्यावर घेतला आणि वाटेत त्याची एकच टकळी, घ्यायचं तर नवंच घेऊ.

"नव्याचे नऊ दिवस," धाकटी म्हणाली.

"आणि जुन्याचं रोजचं रडगाणं," नवरा म्हणाला.

शोरूममध्ये पाऊल टाकलं आणि धाकटी जरा विरघळलीच. काचेतून ऊन आत आलं होतं आणि मशीनं ओळीने उभी होती, निळी, पांढरी, कशाचाही डाग न लागलेली. एकाच्या टाकीत तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि तो चेहरा तिला चक्क मालकिणीचा वाटला. ती त्या ओळीतून हळूहळू फिरत राहिली. तेवढ्यात टाय लावलेल्या विक्रेत्याने गालिचा पसरला, मशीन लावलं, आणि तिने वीतभर म्हणेपर्यंत दोन हात मारून मोकळा झाला. चहाचा डाग सफाचट.

"वा!" नवऱ्याने टाळी वाजवली.

धाकटी पुढे धावली. "थांबा! पुरे!"

"ताई, डाग गेला की लोक खूश होतात," विक्रेता जरा दुखावून म्हणाला.

"हा डाग आम्हाला लागत होता हो," धाकटी म्हणाली. यावर कुठल्याही दुकानदाराने काय बोलावं? त्याने मशीनची किंमत सांगितली.

टेंपोत बसल्यावर तिने गालिच्याचं धुतलेलं टोक मांडीवर घेतलं. न्हाणीघराच्या दाराला रंगीत पट्टी लावू, एका डागाचं काय एवढं, असं नवरा म्हणत होता. एवढ्याने निभावेल, असं तिनेही मनाला समजावलं. पण नव्या मशीनची किंमत ऐकून दोघांचेही डोळे पांढरे झाले होते. राहिलं होतं एक जुनं मशीन, तेवढं बघून यायचं ठरलं.

ते विकणारा म्हातारा जन्मभर गालिचे धुऊन थकला होता. त्याच्या घरामागे एक शेड होती, पुढे फरशीचं अंगण आणि उन्हाने तापलेली भिंत. मशीनला जागोजाग पोचे आले होते, टाकी पिवळी पडली होती.

"चालवून बघा," म्हातारा म्हणाला. "राजीनामा माझ्या पाठीने दिलाय, त्याने नाही."

धाकटीने आधी घाण पाण्याच्या टाकीचं झाकण काढून वास घेतला. कसलाच वास नव्हता. म्हणजे माणूस रोज टाकी धुऊन ठेवणारा होता. तिने स्वच्छ पाण्याच्या टाकीत गरम पाणी ओतलं, नळी ताणून बघितली आणि चहाच्याच टोकाला, जिथे आधीच धुतलं होतं, तिथे मशीनचा दांडा टेकवला. तिथे आता बिघडण्यासारखं काही नव्हतं. बटण दाबलं. मशीन घुमायला लागलं.

काय आवाज होता तो! खालच्या सुरात लागलेला, एकसारखा. दांडा मागे ओढला की फवारा सुटायचा आणि त्याच ओढीत पाणी परत वर शोषलं जायचं. दांड्याच्या तोंडाशी काचेची छोटी खिडकी होती, तिच्यातून वर जाणारं पाणी दिसत होतं. आधी करडं आलं. मग तांबूस. धाकटी त्या खिडकीत बघत राहिली आणि तिला खळीचं भांडं दिसलं, बाबांचा ब्रश दिसला, कागदाच्या थप्प्यांवरून फिरणारा त्यांचा तळहात दिसला. वाफ चेहऱ्यावर येत होती. पाणी जांभळं झालं, आणि ती टेबलाखाली बसलेली होती, बोटं शाईने भरलेली, आणि बाबा खाली वाकून हसत होते, अजिबात रागावले नव्हते. हे असंच चालत राहावं असं तिला वाटलं. हात आपोआप मागे येत होते, पट्ट्याला पट्टा लागून.

मग पाणी नितळ आलं आणि ती भानावर आली. गालिचा या टोकापासून त्या टोकापर्यंत धुतलेला होता. लाल रंग, त्यात पिवळी वेलबुट्टी. ही वेलबुट्टी तिने जन्मात पाहिली नव्हती. डाग औषधालाही उरला नव्हता.

"मी काय केलं हे?" ती रडायला लागली. "वीतभरच धुवायचं होतं हो."

"अर्धा गालिचा सोडून देईल तो आपल्यातला कसला?" म्हातारा तिची समजूत घालत म्हणाला. "जित्याची खोड आहे ही, पोरी."

नवऱ्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "आता दुसरं मशीन कुठे बघत बसायचं? ज्याने शाई काढली तेच घेऊ." धाकटीने डोळे पुसले आणि पैसे मोजून दिले. गालिचा तापलेल्या भिंतीवर वाळत घातला. तो वाळेपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसली आणि बाबांना काय सांगायचं ते मनात जुळवत राहिली. काहीच जुळलं नाही.

ऊन कलताना आत्या बाबांना घेऊन आली. गालिचा जागेवर अंथरला होता. बाबा खोलीच्या दारापर्यंत आले आणि थांबले. पाय उचलेना. त्यांनी गालिच्याकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं आणि धाकटीकडे वळून, दुकानात विचारावं तसं अगदी अदबीने विचारलं, "बाई, याचा रंग टिकेल ना?"

धाकटीने गालिच्याचं टोक सारखं केलं. "टिकेल," ती कशीबशी म्हणाली.

"नाही, आमच्या घरी धाकटी आहे. भारी सांडलवंड करते. डाग पडले तर?"

"पडू देत. मी येत जाईन धुवायला. माझ्याकडे मशीन आहे."

बाबांनी विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "बांधून द्या मग. घरी जायचंय, ती वाट बघत असेल."

आत्याने तोंडाला पदर लावला. नवरा काहीतरी समजावायला पुढे झाला, पण धाकटीने हातानेच त्याला अडवलं. ती खाली बसली, गालिचा नीट गुंडाळला, सुतळीने बांधला आणि खांद्यावर घेतला.

"चला," ती म्हणाली. "मी पोचवते घरापर्यंत."

दोघं जिना उतरले. संध्याकाळचं पिवळं ऊन रस्त्यावर पसरलं होतं. बाबा पुढे, ती मागे. ते आज ताठ चालत होते, वाटेतल्या माणसांना मान डोलावत होते, मधूनच मागे वळून "जड नाही ना, बाई?" असं विचारत होते. इमारतीला पुरती चक्कर मारून दोघं पुन्हा त्याच जिन्याशी आले आणि बाबा न अडखळता वर चढले.

दारापाशी त्यांनी चपला काढल्या आणि आत तोंड करून, आनंदाने, मोठ्यांदा हाक मारली, "धाकटे! बघ तरी काय आणलंय!"

धाकटी त्यांच्या मागे पायरीवर उभी होती. खांद्यावरचा गालिचा सावरत ती म्हणाली, "आले, बाबा."